मिसिसिपीच्या बांधावरून

न्यू ऑर्लिन्सच्या जॅक्सन स्क्वेअरमध्ये उभं राहिलं की सेंट लुई कॅथेड्रलचे मनोरे दिसतात, घोडागाड्या दिसतात, कुंपणाला चित्रं टेकवून बसलेले चित्रकार दिसतात. नदी मात्र दिसत नाही. ती पाठीशी, हाकेच्या अंतरावर असते. आपल्याकडे नदीवर जायचं म्हणजे घाट उतरायचा. इथे रस्ता ओलांडून पायऱ्या चढायच्या, माथ्यावर पोचायचं, आणि मगच पलीकडची मिसिसिपी नजरेत येते. इथल्या वळणावर ती सुमारे २०० फूट खोल आहे आणि तिच्यात अमेरिकेच्या ३१ राज्यांचं पाणी येतं. तिचं खोरं जवळजवळ भारताच्या क्षेत्रफळाएवढं आहे. उत्तरेकडचा बर्फ वितळून आणि वसंतातला पाऊस पडून नदी भरली की तिची पातळी खालच्या रस्त्यांच्या वर जाते. शहर आणि ते पाणी यांच्यामध्ये उभा असतो तो हा चढ, म्हणजे बांध. तीनशे वर्षं तो घातला जातो आहे, फुटतो आहे, सांधला जातो आहे आणि वाढवला जातो आहे. त्याच्या कडेकडेनं प्रवास करताना माझं एक मत पक्कं होत गेलं. शहर वाचतं की बुडतं हे बांधाच्या उंचीपेक्षा तीन गोष्टींवर ठरतं: बांध राखायचा कुणी, त्याची किंमत मोजायची कुणी, आणि अडवलेलं पाणी जायचं कुणाच्या दारात. या तीन गोष्टींचा निवाडा जिथे लबाडीनं झाला, तिथेच हा बांध उघडा पडला.

सुरुवात जागेपासून करायला हवी. फ्रेंच अधिकारी बिएनव्हील यानं १७१८ मध्ये इथे वसाहत मांडली ती आंधळेपणानं नव्हे. समुद्रातून थेट नदीच्या मुखानं वर येणं गाळामुळे आणि उलट्या प्रवाहामुळे जिकिरीचं होतं. मागच्या बाजूच्या पाँचरट्रेन सरोवरातून एका लहान ओढ्यानं, बायू सेंट जॉननं, आत यायचं आणि थोडीशी जमीन पायी ओलांडून नदी गाठायची, ही वाट स्थानिक आदिवासी जमातींना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. त्यांच्या व्यापाराचं हे जुनं ठिकाणच होतं. शिवाय नदीकाठ हीच इथली सर्वांत उंच जमीन. नदी दरवर्षी काठ ओलांडायची, तेव्हा पाण्याचा वेग मंदावताच जड गाळ अगदी काठाशी बसायचा आणि हलका गाळ आत दूरवर जायचा. हजारो वर्षांत काठ उंच झाला आणि मागे जमीन उतरत उतरत दलदलीत गेली. म्हणजे पहिला बांध नदीनंच घातला होता, आणि तो पुरानं घातला होता. पूर हा त्या जमिनीचा जन्मदाता होता; पूर थांबवायचा म्हणजे ती जमीन घडण्याचं कामही थांबवायचं, ही अडचण पहिल्या दिवसापासून या शहराच्या नशिबी लिहिलेली होती.

वसाहत उभी राहते न राहते तोच १७१९ मध्ये पुरानं तिला पाण्यात घातलं. १७२१ मध्ये आद्रियाँ द पोजे या अभियंत्यानं सरळ रस्त्यांची जी चौकट आखली ती आजही फ्रेंच क्वार्टरमध्ये पायाखाली आहे. पण पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १७२२ च्या चक्रीवादळानं वसाहतीतली बहुतेक बांधकामं आडवी केली. त्यानंतर बांधाच्या कामानं जोर धरला. १७२७ मध्ये गव्हर्नर पेरिए यानं शहरासमोरचा बांध पुरा झाल्याचं कळवलं: लांबी सुमारे मैलभर, माथ्याची रुंदी १८ फूट, उंची जेमतेम तीन-चार फूट. आज हा आकडा ऐकून हसू येईल, पण त्या काळी तेवढा पुरला, कारण समोरचा काठ उघडा होता आणि चढलेलं पाणी पलीकडच्या रानात पसरून जात होतं. या बांधाची माती कुणी वाहिली, हे मात्र स्पष्ट सांगायला हवं. पकडून आणलेल्या आफ्रिकी माणसांची पहिली जहाजं लुइझियानाला १७१९ मध्ये लागली, आणि पुढची जवळजवळ दीडशे वर्षं इथला बांध मुख्यतः गुलामांच्या हातांनी उभा राहिला. झाडं तोडायची, बुंधे मुळासकट उपटायचे (कारण आत राहिलेलं मूळ कुजलं की त्या पोकळीतून पाणी वाट काढतं), मग खणायचं, वाहायचं, धुम्मस करायचं. नकाशावर सही अभियंत्याची असते. या बांधावर ज्यांची सही असायला हवी होती त्यांची नावं बहुतेक कुठेच नोंदलेली नाहीत.

बांध घालणं एकदाचं काम, राखणं रोजचं. मातीच्या बांधाचे शत्रू पुरापेक्षा लहान असतात. नदीकाठचे गोड्या पाण्यातले शेवंडे बिळं करतात, आणि कोरड्या दिवसांत दिसेनाशी झालेली बोटभर रुंदीची बिळं भरल्या नदीत झऱ्यासारखी वाहू लागतात. एकोणिसाव्या शतकात भातशेतीवाले नदीचं पाणी शेतात घ्यायला बांधातून लाकडी पन्हळी घालत, आणि पन्हळीच्या कडेनं माती खचून कित्येकदा भगदाडं पडली. उतारावर गवत नसेल तर नुसता पाऊसही बांध झिजवतो. म्हणून आजही या बांधांवर हरळी राखतात, आपल्या शेताच्या बांधावर असते तीच हरळी. तिची मुळं माती धरून ठेवतात, आणि ती कापून खुजी ठेवली म्हणजे खालचं बीळ, भेग, ओल नजरेला पडते. या रोजच्या कामाची जबाबदारी फ्रेंच सरकारनं जमीनमालकावर टाकली. जमिनींचे पट्टे नदीला अरुंद तोंड आणि मागे दलदलीपर्यंत लांबी, असे होते. ज्याच्या तोंडाशी जेवढा काठ, तेवढा बांध त्यानं सांभाळायचा. १७४३ च्या फर्मानानं तर १ जानेवारी १७४४ ची मुदत घातली: तोपर्यंत बांध पुरा करा, नाहीतर जमीन राजाकडे जमा. कायदा कडक होता आणि वरवर न्याय्यही दिसत होता. त्यातली खोट ही की पाणी पट्ट्यांची हद्द मानत नाही. नव्याण्णव मालकांनी बांध चोख ठेवला आणि शंभराव्यानं हयगय केली तर बुडायचं सगळ्यांनीच. सामाईक धोक्याची जबाबदारी तुकड्यातुकड्यांनी वाटली की ती कुणाचीच राहत नाही.

याचा पुरावा बघायचा तर नदीच्या उलट दिशेला, शहराच्या वर जावं लागतं. ऑडुबॉन पार्कपासून बांधाच्या माथ्यावरून पायी आणि सायकलनं जायची वाट आहे. डावीकडे नदी आणि काठावरची झाडी, उजवीकडे खाली घरांची छपरं. मैलोन्‌मैल चालत गेलं की रिव्हर रिज नावाची शांत वस्ती लागते. इथे पूर्वी पिएर सोव्हे याचा मळा होता. ३ मे १८४९ ला इथला बांध फुटला. शहर नदीच्या वाटेनं १७ मैल खाली होतं, त्याच्यासमोरचा बांध शाबूत होता. पाणी पुढून आलंच नाही. ते मागच्या दलदलीतून, सखल जमिनीवरून, शहराच्या पाठीत शिरलं. सुमारे २२० वस्तीचे चौक पाण्याखाली गेले आणि १२,००० माणसं बेघर झाली. त्या वेळच्या शहराची लोकसंख्या होती १ लाख १६ हजारांच्या आसपास. भगदाड बुजलं ते २० जूनला, लाकडी खांब ठोकून आणि पोती रचून, अनेक प्रयत्न फसल्यानंतर. न्यू ऑर्लिन्स त्या काळी तीन वेगवेगळ्या नगरपालिकांत विभागलेलं होतं, आणि सोव्ह्याच्या मळ्यावर त्यांपैकी एकीचाही अधिकार चालत नव्हता. शहराचं रक्षण शहराच्या हद्दीत होत नाही, हा धडा १८४९ नं दिला. त्याच सुमारास आणि पुढच्या दशकांत मोठ्या यंत्रणा जन्माला आल्या: दलदलीच्या जमिनी विकून बांधांना पैसा उभा करण्याचे कायदे, पुढे १८७९ मध्ये सगळ्या नदीसाठी मिसिसिपी रिव्हर कमिशन, १८९० मध्ये शहरासाठी स्वतंत्र बांधमंडळ.

जबाबदारी मोठी झाली, पण विचार अरुंद राहिला. चार्ल्स एलेट या अभियंत्यानं १८५२ च्या अहवालात बजावलं होतं की दोन्ही काठ बांधून काढले की पूर्वी रानात पसरणारं पाणी पात्रातच चढणार. म्हणून नदीला बाजूच्या वाटा आणि साठवणीच्या जागा द्या. हम्फ्रीज आणि ॲबट यांच्या १८६१ च्या जाडजूड अहवालानं कौल दिला तो बांधांना, आणि पुढे सरकारी धोरण ‘फक्त बांध’ असंच ठरलं. कोंडलेला प्रवाह जोरानं वाहील आणि स्वतःच तळ खरवडून खोल करील, असा त्यामागचा हिशेब होता. तो चुकला. जसजसे बांध लांबले तसतशी पुराची पातळी चढत गेली आणि प्रत्येक पुरानंतर बांध आणखी उंच करावे लागले. सांगलीकर आयर्विन पुलाचे फूट मोजतात तसे इथे कॅरलटनच्या मोजपट्टीचे फूट मोजतात. १९२२ मध्ये त्या पट्टीवर पाणी २१ फुटांवर गेलं. तीन-चार फुटांचा बांध ज्या शहराला पुरत होता, त्याच शहराला दोनशे वर्षांत वीस फुटांच्या पुढचा बांध लागू लागला. १९२६ मध्ये लष्कराच्या अभियंता दलानं वार्षिक अहवालात बांध आता पुरे पडतील असा भरवसा दिला. दुसऱ्या वर्षी मिसिसिपीनं तो मोडून काढला.

१९२७ च्या पुरात २७,००० चौरस मैल जमीन पाण्याखाली गेली आणि सहा लाखांहून अधिक लोकांना त्याचा तडाखा बसला. २१ एप्रिलला मिसिसिपी राज्यात माउंड्स लँडिंगचा बांध गेला. तिथे आणि ग्रीनव्हिलच्या छावण्यांत काळ्या मजुरांना बंदुकीच्या धाकानं बांधाच्या कामावर राबवण्यात आलं. गुलामगिरी कायद्यानं संपून साठ वर्षं झाली होती, बांधावरची वेठ संपली नव्हती. न्यू ऑर्लिन्सचे बँकवाले आणि व्यापारी घाबरले आणि त्यांनी गव्हर्नरकडून परवानगी मिळवली: शहराच्या खाली कार्नार्व्हनचा बांध सुरुंगानं उडवायचा. २९ एप्रिलला तो उडवला. सेंट बर्नार्ड आणि प्लाकमिन्स या परगण्यांतल्या सुमारे १०,००० लोकांची, म्हणजे मासेमार, शिकारी आणि लहान शेतकऱ्यांची घरंदारं बुडाली. वचन दिलेल्या भरपाईतली फारच थोडी त्यांच्या हाती पडली. आणि वरच्या भागातले बांध आपोआप फुटून पाणी पसरल्यामुळे शहरावरचं संकट टळणारच होतं. सुरुंगाची गरजच उरली नव्हती. कार्नार्व्हनला मला या सगळ्या इतिहासाचा गाभा दिसतो. नदीला जागा द्यावीच लागते हे तिथे मान्य झालं, पण ती जागा कुणाची याचा निर्णय एका शहरातल्या मूठभर माणसांनी, आपल्यापुरता आणि रातोरात घेतला. जी तरतूद शांतपणे, आधी, मोबदला देऊन करायला हवी होती ती घबराटीत, दुसऱ्याच्या घरावर केली गेली.

शहाणपण आलं, तेही बांधावरूनच बघता येतं. शहराच्या वर सुमारे ३० मैलांवर, नॉर्को गावाशी, बॉनी कॅरे स्पिलवे आहे. एकोणिसाव्या शतकात नदी ज्या टप्प्यात वारंवार बांध फोडायची, नेमकी तीच जागा १९२८ च्या पूरनियंत्रण कायद्यानंतर निवडली गेली आणि १९३१ मध्ये काम पुरं झालं. काठाशी ७,००० फूट लांबीची बुटकी काँक्रीटची भिंत, तिचे ३५० गाळे, प्रत्येक गाळ्यात उभ्या बसवलेल्या २० जाड लाकडी तुळया. ना लोखंडी दरवाजा, ना वीज. नदी चढली की तुळयांच्या फटींतून पाणी आधीच पाझरायला लागतं. मग भिंतीवरच्या रुळांवरून क्रेन सरकते आणि एकेक तुळई उपसून वर आडवी ठेवते. सगळ्या उपसल्या तर अडीच लाख क्युसेक पाणी सरोवराकडे वळतं आणि शहरासमोरून साडेबारा लाख क्युसेकच्या वर जाऊ द्यायचं नाही, हा दंडक पाळता येतो. १९३७ मध्ये तो पहिल्यांदा उघडला. तिथून पुढे शहरासमोर नदीचा बांध फुटलेला नाही. एलेटनं जवळजवळ ८० वर्षं आधी सांगितलेली गोष्ट अखेर काँक्रीटमध्ये आली. पण याही जागेत एक कर्ज दडलेलं आहे: पाण्याच्या याच पट्ट्यात केनर आणि कुगलर नावाची दोन दफनभूमी आहेत, गुलामांची आणि त्यांच्या वंशजांची. त्या विस्मरणात गेल्या आणि १९७५ मध्ये पुन्हा सापडल्या. ज्यांनी बांध घातले त्यांच्याच कबरींवरून सुटकेचं पाणी सोडलं गेलं.

यावर काही आक्षेप येतात, आणि ते हलके नाहीत. पहिला असा की बांध नसता तर शहरच नसतं. जॅझ, क्रिओल स्वयंपाक, अर्ध्या खंडाचं धान्य जगात पाठवणारं बंदर, यातलं काही नसतं. हे खरंच आहे, आणि म्हणूनच मी बांधाच्या विरोधात नाही. माझा आक्षेप एकट्या बांधाला आहे. दुसरा आक्षेप असा की पाणी वळवलं तरी कुणाचं तरी नुकसान होतंच. तेही खरं. २०१९ मध्ये स्पिलवे एकाच वर्षात दोनदा उघडावा लागला, आणि गोडं पाणी आल्यानं शेजारच्या मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्यावरची कालवं प्रचंड प्रमाणात मेली. केंद्र सरकारला मत्स्यव्यवसायाची आपत्ती जाहीर करावी लागली. पण स्पिलवेचं नुकसान आधी ठाऊक असतं, मोजता येतं, त्यावर संसदेत आणि न्यायालयात भांडता येतं. सुरुंगाच्या आणि भगदाडाच्या नुकसानीला यातलं काहीच नसतं. दोन्ही एका मापानं मोजणं मला पटत नाही. तिसरा आक्षेप अभियंत्यांचा: आजचा बांध पूर्वीसारखा राहिलेला नाही. ते मी मान्य करतो, कारण त्याची निगा खरोखर बघण्यासारखी आहे. मोजपट्टीवर ११ फूट झाले की गस्त सुरू होते, १५ फुटांना ती आणखी कडक होते. ११ फुटांच्या वर बांधापासून १,५०० फुटांत खोदकामाला बंदी येते, मग ते जलतरण तलावाचं का असेना. बांधाच्या पायथ्याशी जमिनीतून पाणी बुडबुडत वर येऊ लागलं तर आधी त्याचा रंग बघतात. नितळ असेल तर नुसती नजर ठेवतात. गढूळ असेल तर ते पोटातली माती घेऊन येतं आहे, असं समजतात. तेव्हा ते बुजवत नाहीत, कारण एक तोंड बुजवलं तर ते दुसरीकडे फुटतं. भोवती वाळूच्या पोत्यांचं गोल कडं रचतात, आत पाणी चढू देतात, आणि त्या पाण्याच्या वजनानं खालचा जोर तोलला गेला की माती येणं थांबतं.

ही निगा जिथे पोचली नाही तिथे काय झालं ते २९ ऑगस्ट २००५ ला जगानं पाहिलं. कतरीना वादळात नदीचा बांध टिकला. फुटल्या त्या मागच्या बाजूच्या, सरोवराकडून येणाऱ्या कालव्यांच्या भिंती. शहराचा ८० टक्के भाग बुडाला, आणि १७१८ ची उंच किनारपट्टी, फ्रेंच क्वार्टर, बहुतांशी कोरडी राहिली. भिंतींच्या आराखड्यातच दोष होते हे अभियंता दलानं २००६ मध्ये कबूल केलं. मग कुणी म्हणेल, हा नदीच्या बांधाचा प्रश्नच नव्हे. मला तो त्याचाच पुढचा अध्याय वाटतो. नदी अडल्यावर आणि विसाव्या शतकात शक्तिशाली पंप आल्यावर शहर मागच्या दलदलीत उतरलं. उपशामुळे दलदलीची माती सुकली, आक्रसली आणि खचली. आज शहराचा जवळजवळ अर्धा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. भूगोलतज्ज्ञ गिल्बर्ट व्हाइट यानं १९४५ मध्येच दाखवलं होतं की पूररोधक बांधांच्या भरवशावर लोक पूरक्षेत्रात वस्ती वाढवतात, आणि पूर कमी वेळा येत असला तरी आला की नुकसान जास्त होतं. शिवाय बांधांनी कोंडलेला गाळ आता खोल समुद्रात जातो. गाळाची ही उपासमार आणि तेलकंपन्यांनी खणलेले कालवे यांमुळे १९३२ ते २०१६ या काळात लुइझियानाच्या किनाऱ्याची सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर जमीन गेली. म्हणजे अख्ख्या गोव्यापेक्षा जास्त. वादळाचा जोर वाटेत मोडणारं ते दलदलीचं पठार निघून गेल्यावर उरते ती भिंत, एकटी.

यावरचा इलाजही ठाऊक आहे: बांधाला ठरवून दरवाजे ठेवायचे आणि गाळाचं पाणी दलदलीत सोडायचं. कार्नार्व्हनला, सुरुंगाच्या त्याच परिसरात, १९९१ पासून असा एक दरवाजा चालू आहे. पण २०२३ मध्ये सुरू झालेला बाराटारिया खोऱ्याचा कितीतरी मोठा प्रकल्प राज्य सरकारनं २०२५ मध्ये रद्द केला; वाढता खर्च हे एक कारण, आणि कोळंबी व कालवं पकडणाऱ्यांचा विरोध हे दुसरं. या मच्छीमारांना आडमुठे म्हणणं सोपं आहे. पण त्यांच्यात १९२७ मध्ये बुडवल्या गेलेल्यांचे नातू-पणतू आहेत. शहराच्या भल्यासाठी तुम्ही सोसा, भरपाई देऊ, हे वाक्य त्या किनाऱ्यानं एकदा ऐकलेलं आहे. जुन्या अन्यायाची किंमत अशी शंभर वर्षांनी वसूल होते: गरजेचं काम अडतं, कारण काम करणाऱ्यांच्या शब्दावर विश्वास उरलेला नसतो. मला तरी न्याय ही बांधाच्या बांधणीतलीच सामग्री वाटते, मातीइतकीच आवश्यक.

कृष्णा-पंचगंगेच्या काठी अलीकडच्या महापुरांनंतर संरक्षक भिंतींची चर्चा झाली, आणि ती पुन्हा होईल. मिसिसिपी तिथल्या नद्यांहून कितीतरी मोठी आहे, आकडे तसेच्या तसे उचलता येणार नाहीत. पण विचारायचे प्रश्न तेच आहेत, आणि भिंतीचा पहिला दगड बसण्याआधी विचारायचे आहेत. भिंतीनं अडवलेलं पाणी समोरच्या काठावर किती फूट चढेल? खालच्या गावांना हे सांगितलं आहे का, आणि त्यांचा मोबदला आधी ठरला आहे का? भिंतीच्या आडोशाला पूररेषेत नवी घरं उठणार नाहीत, याची हमी कोण देतो? पन्नासाव्या वर्षी, पूर विस्मरणात गेल्यावर, भिंतीवरचं बीळ शोधायला पगारी माणूस असेल का? न्यू ऑर्लिन्सनं या प्रश्नांची उत्तरं एकेक करून, प्रत्येक वेळी शहर किंवा शेजारी बुडाल्यावर शोधली. ज्यांची शहरं अजून भिंतीविना आहेत त्यांना ती आधी शोधता येतील, आणि उत्तरं मिळेपर्यंत भिंत थांबवायला हवी.